कोणाचे चाहते जास्त? मेलबर्नमध्ये नव्याने आलेल्यांसाठी फुटी क्लबांच्या मोजदादीची वाटाड्या-वही

मेलबर्नमध्ये नोकरीला लागून माझा तिसरा की चौथा दिवस असेल. कॉफी घेताना टीममधल्या एकाने विचारलं, "मग, बॅरॅक कोणाला करतेस?" मला वाटलं, ओबामांबद्दल काहीतरी चाललंय. मी म्हटलं, "माणूस चांगला आहे." त्यावर जे हसू उसळलं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मी नाशिकची. अपमान गिळून गप्प बसणाऱ्यांतली नाही. त्या शनिवार-रविवारी फुटी म्हणजे काय, क्लब किती, मोठा कोण, सगळं वाचून काढलं आणि सोमवारी जाहीर केलं, "देशात सगळ्यात जास्त चाहते सिडनी स्वान्सचे. सर्वेक्षणात आलंय." टेबलाभोवती अर्धा डझन माणसं होती, त्यातली तीन कॉलिंगवूडची. पुढचे दोन महिने मी ऑफिसात "सर्वेक्षणवाली" होते.

आकडा चुकीचा नव्हता, हे मला बरंच नंतर कळलं. टेबलावरच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, एवढंच. २०१७ च्या त्या सोमवारपासून मी यात बरीच डोकेफोड केली आहे. तुमची तरी वाचावी म्हणून हे लिहितेय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे "फुटी". लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, दोन्हीकडे १८ खेळाडू. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने गेला की ६ गुण, बाजूच्या खांबांतून गेला की १. एएफएल या वरच्या लीगमध्ये १८ क्लब आहेत आणि त्यातले १० एकट्या व्हिक्टोरिया राज्यात, जिलाँग शहरातला एक सोडला तर बाकी मेलबर्नमध्येच. एका शहरात इतके क्लब असल्यामुळेच हा वाद कधी मिटत नाही. एकाच घरात नवरा कार्लटनचा, बायको एसेंडनची आणि सासरे कॉलिंगवूडचे असू शकतात.

आधी एवढं जवळ ठेवा

- क्लबांच्या सभासदसंख्येचा तक्ता. मोसमाच्या शेवटी-शेवटी एएफएल सगळ्या क्लबांचे आकडे एकदम जाहीर करते. एकाच वर्षाचा नको, निदान पाच-सहा वर्षांचे घ्या.
- सामनावार गर्दीचे आकडे. "एएफएल टेबल्स" नावाच्या साइटवर कित्येक दशकं मागे जाता येतं.
- प्रत्येक वर्षाचा गुणतक्ता, म्हणजे लॅडर. कोण वर होतं, कोण तळाला होतं, हे शेजारी नसेल तर गर्दीच्या आकड्याला अर्थ नाही.
- मैदानांची क्षमता. एमसीजी (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) एक लाखाचं, पर्थचं ऑप्टस स्टेडियम ६० हजारांच्या आसपास, जिलाँगचं कार्डिनिया पार्क ४० हजारांचं.
- मायकी कार्ड (इथल्या ट्रेन-ट्रामचं), जाड जॅकेट आणि एक वही. वही का, ते शेवटी सांगते.

१. शब्द आधी नीट करून घ्या

इथे पाठिंबा देण्याला "बॅरॅक करणं" म्हणतात. अमेरिकन मालिका बघून आलेली आपली मंडळी "आय रूट फॉर" असं बेधडक बोलून जातात. ऑस्ट्रेलियात त्या शब्दाचा अर्थ अगदी वेगळा आणि चारचौघांत न बोलण्यासारखा आहे. तेवढा टाळा.

बाकी शब्द ऐकून येतात. कॉलिंगवूड म्हणजे पाईज, मॅगपाय पक्ष्यावरून. एसेंडन बॉम्बर्स, कार्लटन ब्लूज, रिचमंड टायगर्स. एमसीजीला नुसतं "द जी". आणि तळाला राहिलेल्या संघाला मिळतो तो "वुडन स्पून". प्रत्यक्षात चमचाबिमचा कोणी देत नाही, पण शेरे वर्षभर मिळतात.

२. "मोठा" म्हणजे काय, ते आधी ठरवा

माझी मूळ चूक हीच. "कोणाचा क्लब मोठा?" या एका वाक्यात निदान चार प्रश्न दडलेले असतात. पैसे भरून सभासद किती? मैदानात येतात किती? विचारल्यावर "मी यांचा" म्हणणारे किती? आणि संघ सपाटून हरत असताना टिकतात किती? चौघांची उत्तरं वेगवेगळी येतात. समोरचा बोलताना आपल्याला सोयीचा प्रश्न धरतो, आणि तुम्हीही तेच करायला लागता. म्हणून पुढचा प्रत्येक आकडा त्याच्या-त्याच्या प्रश्नाशी बांधून ठेवा.

३. सभासदांचा आकडा घ्या, पण वर्गणीसारखा वाचा

फुटी क्लबचं सभासदत्व आपल्याला पटकन कळतं, कारण आपण गणेश मंडळांत वाढलो आहोत. वर्गणी देणारा प्रत्येक जण आरतीला येतो असं नाही. कोणी गल्ली सोडून गेलेला असतो तरी पाठवतो. कोणी वडील देत होते म्हणून देतो. इथेही तसंच. मोसमातल्या सगळ्या सामन्यांची जागा राखून देणारं सभासदत्व आहे, तीनच सामन्यांचं आहे, परराज्यातल्यांसाठी आहे, लहान मुलांसाठी आहे. कुत्र्या-मांजरांच्या नावानेही कार्ड मिळतं.

एक लाख सभासदांचा टप्पा पहिल्यांदा रिचमंडने ओलांडला, २०१८ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी विजेतेपद मिळाल्यानंतरच्या मोसमात. पुढे वेस्ट कोस्ट आणि कॉलिंगवूडही त्या रांगेत आले. सगळ्या क्लबांचे मिळून सभासद दहा लाखांवर गेले तेही २०१८ मध्येच.

इथले सापळे दोन. पहिला, किमतीचा. २०२८ मध्ये लीगमध्ये येणाऱ्या टास्मानिया डेव्हिल्सने २०२४ मध्ये दहा डॉलरमध्ये संस्थापक सभासदत्व काढलं आणि दोन लाखांच्या वर लोकांनी ते घेतलं. त्या अख्ख्या राज्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आत आहे! हे प्रेम खरं, पण दहा डॉलरचं सभासदत्व आणि कित्येक शे डॉलरची राखीव खुर्ची एकाच तागडीत घालू नका.

दुसरा, यशाचा. विजेतेपदानंतरच्या वर्षी आकडा फुगतोच. तो घटवण्याची सोपी युक्ती म्हणजे क्लबाचं सगळ्यात वाईट वर्ष शोधून तिथला आकडा बघणं. त्याबद्दल सातव्या पायरीवर.

४. गर्दी मोजताना मैदान, प्रतिस्पर्धी आणि वार बघा

"आमच्या सामन्याला ९५ हजार होते" असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न, समोर कोण होतं? २५ एप्रिलला, युद्धातल्या सैनिकांच्या स्मरणाच्या ॲन्झॅक डेला, कॉलिंगवूड आणि एसेंडन १९९५ पासून (कोविडचं २०२० वगळता) दरवर्षी खेळतात. पहिल्याच वर्षी ९४,८२५ लोक आले आणि सामना बरोबरीत सुटला. २०२३ मध्ये ९५,१७९ आले. हे आकडे दोघांचे मिळून, त्यावर पुन्हा त्या दिवसाची पुण्याई. फुटीचा फ माहीत नसलेली माणसंही त्या दिवशी जातात.

साखळी सामन्यांतला गर्दीचा उच्चांक अजूनही १९५८ चा आहे: राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीला मेलबर्न विरुद्ध कॉलिंगवूड, ९९,३४६. आणि ग्रँड फायनलचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याचा, १९७० चा, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड, १,२१,६९६. तेव्हा माणसं उभी राहून, दाटीवाटीने बघत. आज एमसीजीत तेवढी मावणारच नाहीत, म्हणून जुने-नवे आकडे एका ओळीत मांडू नका. बाकी कॉलिंगवूडचं नाव दोन्हीकडे आलं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कॉलिंगवूडवाले ते तुमच्या लक्षात राहील याची काळजी घेतातच.

वेळापत्रकही सारखं नसतं. ज्यांचे चाहते जास्त त्यांना शुक्रवारची रात्र, सुट्टीचा दिवस आणि एमसीजी मिळतं. ते मिळालं की गर्दी वाढते. गर्दी वाढली की पुढच्या वर्षी पुन्हा तेच मिळतं. सेंट किल्डाच्या वाट्याला छपराखालच्या मार्व्हल स्टेडियममध्ये रविवारची दुपार आली, तर त्यांची सरासरी बघून नाकं मुरडू नका. जिलाँगचं तर मैदानच ४० हजारांत भरतं. त्यांची सरासरी त्याहून वर जाणार कुठून?

ग्रँड फायनलची गर्दी मात्र सरळ बाजूला ठेवा. लाखाच्या मैदानात अंतिम लढतीतल्या प्रत्येक क्लबच्या सभासदांना साधारण १७ हजार तिकिटं मिळतात. बाकी जागा एमसीसीचे सभासद, एएफएलचे सभासद, प्रायोजक वगैरेंच्या. एमसीसी म्हणजे मेलबर्न क्रिकेट क्लब. त्याच्या सभासदत्वाची यादी इतकी लांब, की लोक मूल जन्मलं की आधी तिथे नाव घालतात. त्या दिवशी कोणीही खेळलं तरी मैदान भरलेलंच.

५. माझी फूटपट्टी: समोर जायंट्स

दोघांची बेरीज असलेल्या गर्दीतून एकाचा वाटा वेगळा काढायचा कसा? यावर मला सापडलेली सगळ्यात चांगली तोड म्हणजे, ज्यांचे मेलबर्नमध्ये चाहते नगण्य आहेत अशांविरुद्धचा मोठा सामना शोधणं. ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्स हा क्लब २०१२ मध्ये लीगमध्ये आला. पश्चिम सिडनीत फुटी रुजवण्यासाठी मुद्दाम काढलेला. त्यांच्याबरोबर एमसीजीला येणारे इतके थोडे, की गर्दी जवळपास सगळी यजमानांची धरावी.

योगायोग असा की उपांत्य फेरीच्या सामन्याला, ज्याला इथे प्रिलिम म्हणतात, जायंट्स तीनदा एमसीजीवर आले:

- २०१७, रिचमंडविरुद्ध: ९४,२५८
- २०१९, कॉलिंगवूडविरुद्ध: ७७,८२८
- २०२३, कॉलिंगवूडविरुद्ध: ९७,६६५

ही तीन ओळींची यादी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. नुसतं २०१७ आणि २०१९ बघितलं तर रिचमंडवाला छाती फुगवून म्हणेल, "बघ, आम्ही १६ हजारांनी मोठे." नुसतं २०१७ आणि २०२३ बघितलं तर कॉलिंगवूडवाला जिंकला. आणि कॉलिंगवूडची कॉलिंगवूडशीच तुलना केली तर चार वर्षांत २० हजारांचा फरक! क्लब तोच, मैदान तेच, पाहुणे तेच. बदललं काय? २०१९ ला शनिवारची पावसाळी दुपार होती. २०२३ ला शुक्रवारची रात्र आणि वर्षभर जिंकत आलेला संघ. (२०२३ चा तो सामना कॉलिंगवूडने एका गुणाने जिंकला, २०१९ चा चार गुणांनी हरले. थरार दोन्हीकडे होता, तेव्हा ते कारण धरू नका.)

म्हणजे एका सामन्याच्या गर्दीत २० हजार इकडचे तिकडे होऊ शकतात, आणि त्याचा क्लब मोठा-लहान असण्याशी संबंध नसतो. दोन क्लबांतला फरक याहून कमी असेल तर त्यावर कोणाशी पैज लावू नये. मी लावली होती. केक मला आणावा लागला.

६. सर्वेक्षणं वाचा, पण टेबलावर आधी काढू नका

रॉय मॉर्गन ही संस्था देशभरातल्या लोकांना विचारते, तुम्ही कोणाचे? त्यात सिडनी स्वान्स वर्षानुवर्षं पहिले येतात, दहा लाखांच्या वर, आणि कॉलिंगवूड मागे. मी हेच बोलून तोंडघशी पडले होते.

यामागचं कारण साधं आहे. साउथ मेलबर्न हा जुना क्लब १९८२ मध्ये सिडनीला हलवला, तेच आजचे स्वान्स. पन्नास लाखांच्या शहरात जायंट्स येईपर्यंत तीस वर्षं तो एकटाच होता. तिथे लोकांचा मुख्य खेळ रग्बी लीग. कोणी फुटीबद्दल विचारलंच तर तोंडावर एकच नाव येतं. असं नाव घेणं आणि जुलैच्या थंडीत मैदानात जाऊन बसणं यात फरक आहे. स्वान्सचे सभासद मात्र कॉलिंगवूडपेक्षा बरेच कमी. तरी स्वान्सना हिणवू नका. परक्या मुलखात, दुसऱ्या खेळाच्या गडात उभे राहून त्यांनी २००५ मध्ये ७२ वर्षांनी विजेतेपद घेतलं. साउथ मेलबर्नचे जे म्हातारे चाहते मेलबर्नमध्येच राहून या संघाला धरून बसले होते, त्यांच्यासाठी ते काय असेल याची कल्पना करा.

समाजमाध्यमांवरच्या फॉलोअरांबद्दल एवढंच: मी स्वतः सात क्लबांना फॉलो करते.

७. वेडेपण मोजायचं तर हरण्याची वर्षं उघडा

जिंकताना सगळेच येतात. म्हणून प्रत्येक क्लबाचं वाईट वर्ष काढा आणि तिथल्या सभासदसंख्येवर, गर्दीवर बोट ठेवा.

वेस्ट कोस्ट ईगल्स २०२२ मध्ये दोन सामने जिंकले आणि २०२३ मध्ये तीन. दोन मोसमांत ४५ पैकी ५. त्यात सिडनीत १७१ गुणांनी खाल्लेला मारही आला. दोन्ही वर्षं सभासद एक लाखाच्या वर. यात एक मेख आहे, तीही सांगते: पर्थमध्ये खुर्च्या मर्यादित आणि त्यासाठी प्रतीक्षायादी. आपली खुर्ची सोडली तर परत मिळेल याची खात्री नाही, म्हणून माणूस हरणाऱ्या संघाचेही पैसे भरत राहतो. यात प्रेम किती आणि धोरण किती, ते तुम्ही ठरवा.

रिचमंडचं २०२४ बघा. अख्ख्या मोसमात दोन विजय, वुडन स्पून. पण जूनमध्ये डस्टिन मार्टिनच्या तीनशेव्या सामन्याला, हॉथॉर्नविरुद्ध, ९२,३११ लोक आले. संघ हरणार हे त्यातल्या बहुतेकांना माहीत होतं, आणि तो हरलाही. कॉलिंगवूडच्या मित्राशी बोलताना मी हा आकडा काढते. तो म्हणतो, "ते मार्टिनसाठी आले होते." मी म्हणते, "मग मार्टिन कोणाचा होता?"

एसेंडनने २००४ पासून फायनल्समधला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांतला, एकही सामना जिंकलेला नाही, तरी सभासद ८० हजारांच्या वर. सेंट किल्डाचं विजेतेपद आजवर एकच, १९६६ चं, कॉलिंगवूडविरुद्ध एका गुणाने. तरी २०२३ मध्ये त्यांचे सभासद साठ हजारांच्या आसपास होते. कार्लटन दहा वर्षांनी २०२३ मध्ये फायनल्समध्ये पोचले, तेव्हा पहिल्या सामन्याला ९२,०२६ आणि पुढच्या आठवड्यात मेलबर्नविरुद्ध ९६,४१२. इतकी माणसं दहा वर्षं कुठे होती, असं त्यांना चुकूनही विचारू नका. मी विचारलं होतं.

आणि एक वर्ष खास: २०२०. कोविडमुळे मेलबर्नच्या मैदानांत चाहत्यांना प्रवेश नव्हता. पुढे संघ क्वीन्सलँडला गेले, ग्रँड फायनलही ब्रिस्बेनला झाली. तरी सगळ्या क्लबांची मिळून सभासदसंख्या दहा लाखांच्या आसपासच राहिली. लोकांनी बंद मैदानासाठी पैसे दिले. वर्गणी म्हणतात ती हीच.

८. ज्यांनी क्लब मरू दिला नाही, त्यांची वेगळी नोंद ठेवा

हे कुठल्याही तक्त्यात सापडत नाही, म्हणून नवीन माणसाच्या नजरेतून सुटतं.

१९८९ मध्ये पश्चिम उपनगरातला फुट्सक्रे हा क्लब फिट्झरॉयमध्ये विलीन करायचं जवळजवळ ठरलं होतं. चाहत्यांनी डबे खुळखुळवत, दारोदार फिरून काही आठवड्यांत पैसे उभे केले आणि क्लब वाचवला. तेच आजचे वेस्टर्न बुलडॉग्स. त्यांचं पहिलं विजेतेपद १९५४ चं, दुसरं थेट २०१६ मध्ये आलं. रिचमंडने १९९० मध्ये असेच दहा लाख डॉलर जमवायला घेतले आणि तरून गेले. १९९६ मध्ये हॉथॉर्न आणि मेलबर्न यांच्या विलीनीकरणावर मतदान झालं. मेलबर्नच्या सभासदांनी हो म्हटलं, हॉथॉर्नच्या सभासदांनी नाही. माजी कर्णधार डॉन स्कॉट यांनी सभेत प्रस्तावित नवी जर्सी दाखवली आणि तिच्यावर चिकटवलेला ससाणा, म्हणजे हॉथॉर्नचं चिन्ह, सगळ्यांसमोर फाडून काढला. नॉर्थ मेलबर्नने २००७ मध्ये गोल्ड कोस्टला जाण्याचं आमिष नाकारलं.

फिट्झरॉय मात्र वाचलं नाही. १ सप्टेंबर १९९६ ला पर्थमध्ये त्यांचा शेवटचा सामना झाला आणि क्लब ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. आजही ब्रिस्बेन लायन्स मेलबर्नला खेळायला येतात तेव्हा लाल-निळ्या जुन्या फिट्झरॉय जर्सीतली मंडळी दिसतात. काहींनी ब्रिस्बेनला आपलं मानलं, काहींनी त्यानंतर फुटी बघणंच सोडलं. त्या दुसऱ्यांना कुठल्या रकान्यात घालायचं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

ऑफिसात नॉर्थ मेलबर्न किंवा बुलडॉग्सवाला भेटला तर "तुमचा क्लब लहान ना?" असं विचारण्याआधी ही पायरी आठवा.

९. व्हिक्टोरियाबाहेर नियम वेगळे

पर्थ आणि ॲडलेडमध्ये दोन-दोनच क्लब. वेस्ट कोस्ट विरुद्ध फ्रीमॅन्टल, ॲडलेड क्रोज विरुद्ध पोर्ट ॲडलेड. शहर उभं दुभंगतं, मधलं कोणी नसतं. क्रोज १९९१ मध्ये आख्ख्या राज्याचा संघ म्हणून लीगमध्ये आले, त्यामुळे पसारा त्यांचा मोठा. पोर्ट हा १८७० चा बंदरावरचा जुना क्लब, १९९७ मध्ये लीगमध्ये आला. सामना सुरू होण्याआधी हजारो पोर्टवाले मफलर दोन्ही हातांत ताणून डोक्यावर धरतात आणि एकत्र गातात. ते एकदा तिथे उभं राहून बघा, मग आकड्यांबद्दल बोलू. ब्रिस्बेनने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेतली आहेत. तिथला आकडा सध्या तापलेला समजावा, थोडा निवू द्या.

१०. स्वतः जाऊन मोजा

आता वही काढा. रिचमंड किंवा जोलिमॉन्ट स्टेशनला उतरा, गर्दीबरोबर चालत राहा, वाट विचारावी लागत नाही. घरचं खाणं एमसीजीत नेता येतं; काच, कॅन आणि दारू नाही.

इथे दोन्ही बाजूंचे चाहते मिसळून बसतात. पोलिसांच्या साखळ्या नाहीत, वेगळे पिंजरे नाहीत. म्हणून "हा स्टँड त्यांचा, तो आमचा" अशी मोजणी करता येत नाही. फक्त गोलच्या मागे चिअर स्क्वॉड असतात, एका टोकाला एकाचं, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचं. त्यांचा बॅनर जरूर बघा. झुळझुळीत क्रेप कागदाच्या पट्ट्या चिकटपट्टीने जोडून केलेला, दोन मजले उंच. कितीतरी हात त्यावर आठवडाभर राबलेले असतात. खेळाडू मैदानात येताना त्यातून धावत जातात आणि दहा सेकंदांत त्याच्या चिंध्या होतात. विसर्जनाची सवय असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा नवा.

माझी नोंदायची पद्धत अशी: समोरच्या स्टँडमधला एक ठरावीक चौकोन धरायचा, दहा ओळी गुणिले दहा खुर्च्या. हरणारा संघ ४० गुणांनी मागे असेल तर तिसऱ्या क्वार्टरनंतर त्यातल्या त्या रंगाच्या किती खुर्च्या रिकाम्या झाल्या, ते लिहायचं. शेवटच्या क्वार्टरमध्ये मोठ्या पडद्यावर एकूण गर्दीचा आकडा झळकतो, तोही टिपायचा. आणि एक गोष्ट ऐकायची: चेंडू धरून बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला पाडलं की सगळे एकसुरात "बॉऽऽल!" ओरडतात. संघ हरत असताना तो आवाज किती येतो बघा.

एकदा जुलैत, नॉर्थ मेलबर्न बेदम हरत असताना माझ्या पुढच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या. मांडीवर घोंगडी, एका कानात रेडिओचा इअरफोन, हातात मफलरचं विणकाम, निळे-पांढरे पट्टे. माझ्या चौकोनातल्या साठेक खुर्च्या तोवर रिकाम्या झालेल्या. मी विचारलं, "तुम्ही नाही निघालात?" त्यांनी टाके मोजून संपवले आणि म्हणाल्या, "अजून अकरा मिनिटं आहेत." सायरन वाजल्यावर सुया गुंडाळल्या, घोंगडीची घडी घातली आणि मला "पुढच्या आठवड्यात" म्हणाल्या. वहीत त्या दिवसाच्या आकड्यापुढे मी नुसतं "आजी" लिहिलंय.

११. ऑफिसात बोलताना

पहिल्या वर्षी दावे करू नका, प्रश्न विचारा. "सगळ्यात वाईट वर्ष कोणतं पाहिलंत?" असं विचारलं की कुठल्याही क्लबचा माणूस अर्धा तास बोलतो आणि तुम्हाला फुकटात इतिहास मिळतो.

कॉलिंगवूडबद्दल विनोद सगळे करतात, दात नसण्याचे वगैरे. तुम्ही करू नका. ते विनोद कामगारवस्तीतल्या गरिबीवरून आलेत, आणि आपण तिथे जन्मलेलो नाही.

क्लब निवडायची घाई नको, पण "मी सगळ्यांचाच" हे उत्तर इथे चालत नाही. माझा क्लब मी निवडलाच नाही. २०१७ च्या ग्रँड फायनलच्या संध्याकाळी मी रिचमंडमध्येच भाड्याने राहत होते. दूध आणायला म्हणून स्वान स्ट्रीटवर आले, अंगात काळं जॅकेट, गळ्यात हळदी रंगाची ओढणी. रिचमंडचे रंग काळा-पिवळा, हे तेव्हा ध्यानात कुठलं! रस्ता माणसांनी ओतप्रोत. निदान पंधरा अनोळखी लोकांनी मला मिठ्या मारल्या, एकाने दुधाचे पैसे दिले. त्यानंतर नाही म्हणायची सोय राहिली नाही. आमचा मुलगा मात्र ऑसकिकमधून, म्हणजे लहान मुलांच्या फुटी-वर्गातून, बुलडॉग्सचा होऊन आला.

एक अडचण आपल्याकडची: फायनल्स सप्टेंबरात, म्हणजे बहुतेकदा गणपतीतच. २०२३ मध्ये कॉलिंगवूड-जायंट्स प्रिलिम गणपती बसले त्याच आठवड्यात होती, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ग्रँड फायनलची परेड. आरतीची वेळ ठरवताना मंडळाच्या गटात यावरून झालेली चर्चा इथे देत नाही.

पहिल्यांदा जाणार असाल तर फायनल्सच्या तिकिटांमागे लागू नका. मे-जूनमधला रविवार धरा, तळाच्या दोन संघांचा सामना निवडा, सामान्य प्रवेशाचं तिकीट काढा आणि वर, गोलच्या मागे बसा. थालीपीठं चार जास्त बांधा. शेजारचे विचारतातच.